डाव्या बाजूचा डायफ्रॅम हलत नाही, मग व्यायाम कोणता करू?

प्रश्न : माझं वय 59. 14 महिन्यांपूर्वी बायपास झाली. शस्त्रक्रिया उत्तम झाली असं सगळे म्हणाले, पण तेव्हापासून जिना चढताना दम लागतो. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत बोलता येत नाही. वाकून बुटाची नाडी बांधली तरी धाप लागते. पाठीवर सपाट झोपलं की अस्वस्थ वाटतं, म्हणून दोन उशा घेतो. इको चांगला आहे. एक्स-रेमध्ये डावा डायफ्रॅम वर सरकलेला दिसला आणि सोनोग्राफीत तो हलत नाही असं निघालं. धाप लागलेली असतानाही ऑक्सिमीटर 96-97 दाखवतो, त्यामुळे घरचे म्हणतात की हे मनाचे खेळ आहेत. पूर्वी रोज सूर्यनमस्कार घालायचो, आठवड्यातून तीनदा पोहायचो. आता एक जण कपालभाती करा म्हणतो, दुसरा विश्रांती घ्या म्हणतो. हॉस्पिटलात दिलेलं श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं यंत्र अजून ओढतोय. वजन 84 किलो, उंची 5 फूट 6 इंच. नक्की काय करू? जाता जाता : उजव्या खांद्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात करायची ठरली आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : हे उत्तर आधी घरच्यांना वाचायला द्या. तुमची धाप खरी आहे आणि ऑक्सिमीटरवरचा 97 हा आकडाही खरा आहे. ते यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण सांगतं. तो ऑक्सिजन आत ओढायला तुमचे स्नायू किती राबले, हे बोटाला लावलेल्या चिमट्याला कळत नाही. कार्बन डायऑक्साइड तर तो मोजतच नाही. तुमच्या बाबतीत कमी पडतोय तो फुप्फुसं उघडणारा स्नायू, त्यामुळे घरात ऑक्सिजनचं सिलिंडर आणून ठेवलं तरी ही धाप जायची नाही.

डायफ्रॅम, म्हणजे श्वासपटल, हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाच्या आकाराचा पातळ स्नायू. त्याचे दोन भाग असतात, उजवा आणि डावा, आणि दोघांची नस वेगळी. ही फ्रेनिक नस मानेत मज्जारज्जूतून निघणाऱ्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या नसेच्या मुळांपासून तयार होते आणि हृदयाच्या आवरणाला लगटून खाली उतरते. बायपासच्या वेळी हृदय थंड ठेवायला काही ठिकाणी त्याच्याभोवती बर्फाचा चुरा टाकतात. जोडणीसाठी छातीच्या आतल्या भिंतीवरची डावी धमनी सोडवून घेतात, तीही या नसेच्या शेजारून जाते. गारठ्याने किंवा त्या भागातल्या कामाने डावी नस दुखावू शकते. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची ही डॉक्टरांना चांगली माहीत असलेली गुंतागुंत आहे. तेवढ्यावरून शस्त्रक्रियेत हलगर्जी झाली असा निष्कर्ष काढू नका.

श्वास घेताना निरोगी माणसाचा घुमट दोन्ही बाजूंनी खाली उतरतो. तुमची उजवी बाजू खाली जाते, छातीत ओढ तयार होते आणि त्या ओढीने सैल पडलेली डावी बाजू उलटी वर खेचली जाते. म्हणजे उजव्या बाजूचे अर्धेमुर्धे कष्ट हवा आणण्याऐवजी डावी बाजू वर ओढण्यात जातात. नाकाने झटकन हुंगायला सांगून सोनोग्राफीच्या स्क्रीनवर पाहिलं, तर ही उलटी हालचाल स्पष्ट दिसते.

बसलेले असताना हे खपून जातं, कारण तेव्हा मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा पुरते. जिना चढताना तीच गरज कित्येक पटींनी वाढते. निरोगी माणूस ती आधी श्वास खोल करून भागवतो, वेग नंतर वाढवतो. तुम्हाला खोली वाढवता येत नाही, म्हणून वेग वाढतो आणि तिथेच तोटा होतो. प्रत्येक श्वासातली साधारण 150 मिलिलिटर हवा श्वासनलिकांमध्येच राहते, तिचा रक्ताला उपयोग नाही. मिनिटाला 500 मिलिलिटरचे 20 श्वास घेतले तर 10 लिटर हवा ओढली जाते आणि त्यातली 7 लिटर कामाला येते. 250 मिलिलिटरचे 40 श्वास घेतले तरी 10 लिटरच ओढली जाते, पण कामाला येते फक्त 4 लिटर. कष्ट दुप्पट आणि पदरात निम्मं. त्यात मेंदू ‘अजून ओढ’ असा हुकूम सोडत राहतो आणि छाती त्या मानाने फुलत नाही. या तफावतीलाच आपण दम कोंडणं म्हणतो.

सपाट झोपल्यावर आणि वाकल्यावर का त्रास होतो, तेही यातूनच कळतं. उभं असताना पोटातले अवयव स्वतःच्या वजनाने खाली लोंबतात. शिवाय उच्छ्वासाला पोटाचे स्नायू आवळून घुमट वर ढकलायचा आणि मग ते सैल सोडले की तो आपोआप खाली उतरतो, अशी पर्यायी युक्ती शरीर वापरतं. आडवं झालं की ती युक्ती जाते आणि पोट घुमटाला वर रेटायला लागतं. तुमच्या व्यायामाचं सगळं गणित यावर बसवायचं आहे. किती जोर लावता यापेक्षा शरीर कोणत्या स्थितीत आहे याला जास्त महत्त्व द्या. विश्रांती घ्या म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बसून राहिलात तर पायांचे स्नायू ढिले पडतील, ढिले स्नायू तेवढ्याच कामाला जास्त आम्ल तयार करतील, ते आम्ल बाहेर टाकायला श्वास आणखी वाढेल आणि आज दुसऱ्या मजल्यावर लागणारी धाप पहिल्याच मजल्यावर लागेल.

सुरू करण्याआधी थोड्या तपासण्या हव्यात. डायफ्रॅम सापडला म्हणून सगळा दोष त्याच्यावर ढकलायचा नाही. बायपास झालेल्या माणसाला श्रमाने धाप लागते तेव्हा हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा प्रश्न आधी मिटवावा लागतो, आणि इको विश्रांतीत केलेला असतो. हृदयरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा : ‘मी व्यायाम सुरू करतोय, स्ट्रेस टेस्ट, म्हणजे श्रम करताना हृदयाची तपासणी, करायची का?’ हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही पाहून घ्या. रक्त कमी असेल तर साधी लोहाची गोळी जे करेल ते कुठलंही यंत्र करणार नाही.

छातीविकारतज्ज्ञांकडून तीन गोष्टी मागा. एक, फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, बसून आणि मग आडवं होऊन. निरोगी माणूस एका दमात जेवढी हवा फुंकतो तो आकडा आडवं झाल्यावर 10 टक्क्यांपर्यंत घटतो. एका बाजूच्या कमजोरीत तो 10 ते 30 टक्के घटू शकतो. त्याहून जास्त घट आली तर दुसरी बाजूही कमजोर आहे का, हे शोधावं लागतं. दोन, श्वास ओढण्याची ताकद. एका बंद नळीतून जोरात ओढायला लावून ती सेंटिमीटर पाण्याच्या दाबात मोजतात. 80 किंवा त्याहून जास्त आली तर मोठी कमजोरी बहुधा नाही. हा आकडा लिहून ठेवा, पुढे लागेल. तीन, उजव्या बाजूचीही सोनोग्राफी. खोल श्वास घेताना निरोगी पटल किमान 20 टक्के जाड होतं. चांगल्या बाजूची जाडी किती वाढते हे कळल्याशिवाय तुमच्याकडे भांडवल किती आहे ते कळणार नाही.

आता प्रत्यक्ष व्यायाम. तुमच्यासाठी सगळ्यात चांगला व्यायाम म्हणजे सपाट रस्त्यावर तुकड्यातुकड्यांनी चालणं. पर्वती किंवा वेताळ टेकडी सध्या नको. सलग चालायला गेलात तर पाय थकायच्या आधी श्वास थकतो आणि पायांना व्यायाम मिळतच नाही. तुकडे पाडले की श्वासाचं कर्ज मधल्या मधे फिटतं आणि पायांचं काम चालू राहतं.

पहिली 8 ते 10 मिनिटं अगदी सावकाश चाला. ही टाळू नका, कारण थंड शरीराने एकदम वेग घेतला की धाप पहिल्याच मिनिटाला गाठते. मग 1 मिनिट झपझप, 1 मिनिट रमतगमत, अशा 8 ते 10 फेऱ्या. शेवटी 5 मिनिटं पुन्हा सावकाश. आठवड्यातून 4 ते 5 दिवस. दोन आठवडे हे सहज जमलं तर 2 मिनिटं झपझप आणि 1 मिनिट हळू करा, पुढच्या दोन आठवड्यांनी 3 आणि 1. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची : आधी वेळ, मग वेग, चढ सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात. बरं वाटलं की पहिल्यांदा टेकडी गाठतात आणि मग चार दिवस अंथरुणात काढतात.

झपझप म्हणजे किती? नाडीवर जाऊ नका. बायपासनंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉलसारखी गोळी चालू असते, ती नाडी दाबून ठेवते, त्यामुळे घड्याळातला आकडा फसवतो. दमाला 0 ते 10 मध्ये गुण द्या. 0 म्हणजे दम नाहीच, 3 म्हणजे मध्यम, 5 म्हणजे जोराचा, 10 म्हणजे आता याहून सहन होणार नाही. झपझप मिनिटाच्या शेवटी 3 ते 4 हवेत. तेव्हा पाच-सहा शब्दांचं वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. थांबल्यावर साधारण 5 मिनिटांत श्वास मूळ पदावर यावा. 10 मिनिटांहून जास्त लागली, किंवा दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं, तर पुढच्या वेळी फेऱ्या पाव भागाने कमी करा.

छातीत दाब, जबडा किंवा हातात कळ, चक्कर, थंड घाम, धडधड यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबा. आराम करूनही ते गेलं नाही, तर हृदयरोगतज्ज्ञांनी अशा वेळेसाठी दिलेली गोळी सांगितल्याप्रमाणे घ्या आणि लगेच रुग्णालय गाठा. ऑक्सिमीटर व्यायामात एवढ्याचसाठी वापरा : आकडा सुरुवातीपेक्षा 4 किंवा जास्त अंकांनी उतरला किंवा 90 च्या खाली गेला, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना कळवायचं. चालता चालता वाचू नका. हात हलत असताना आणि बोटं गार असताना तो वाटेल ते दाखवतो.

प्रगती मोजायची तर 30 मीटर सरळ जागा आखून घ्या. सोसायटीचं पार्किंग किंवा शाळेचा व्हरांडा चालेल. 6 मिनिटांत जास्तीत जास्त किती अंतर चालता आणि शेवटी दमाला किती गुण, हे महिन्यातून एकदा वहीत लिहा. 30 मीटरच्या आसपास वाढ झाली तर ती खरी प्रगती समजा. पाच-दहा मीटर इकडेतिकडे होणारच.

पावसाळ्यात घरातली जागेवरची सायकल चांगली. हँडल उंच करून ताठ बसा आणि हातांचा भार हँडलवर टाका. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. शर्यतीच्या सायकलसारखं पुढे झुकून बसलात तर मांड्या पोटाला लागतील आणि पोट पटलाला. पाठ टेकून पाय पुढे पसरायची रिकंबंट सायकल जिममध्ये ‘आरामाची’ म्हणून देतात. पाठ जेवढी मागे कलते तेवढा तुमचा श्वास अडतो, त्यामुळे ती घेऊ नका.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम जोडा. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं 8 ते 10 वेळा, असे दोन संच, मध्ये 2 मिनिटं थांबून. उठताना श्वास सोडायचा, बसताना घ्यायचा. भिंतीला हात लावून रेटे मारता येतील, पण उजवा खांदा दुखावला असल्याने ते फिजिओथेरपिस्टना विचारूनच. हात डोक्याच्या वर नेऊन करायचे व्यायाम सध्या नकोत. हात वर धरून ठेवायला खांद्याचे आणि छातीचे जे स्नायू लागतात, तेच तुमच्या श्वासाचे मदतनीस आहेत. दोन्ही कामं एकदम अंगावर आली की ते श्वासाचं काम सोडतात. उंच दोरीवर कपडे वाळत घालताना किंवा माळ्यावरचं सामान काढताना धाप लागते ती यामुळे. आणि कुठल्याही जोराच्या क्षणी श्वास रोखून धरू नका.

तीन गोळ्यांच्या यंत्राचा अट्टहास सोडा. त्या गोळ्या सेकंदाला 600, 900 आणि 1200 मिलिलिटर अशा वेगाने हवा ओढली की वर जातात. म्हणजे ते यंत्र हवेचा वेग दाखवतं. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या आठवड्यांत फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून ते दिलं होतं. स्नायू बळकट करायला त्यात ठरावीक विरोध नाही, आणि आखूड झटका मारूनही तिसरी गोळी वर जाते, त्यामुळे खोटं समाधान मिळतं.

ताकदीसाठी वेगळं उपकरण येतं, आतल्या स्प्रिंगच्या झडपेचं. ठरवलेला दाब लावल्याशिवाय झडप उघडत नाही, मग हळू ओढा की जोरात. सुरुवात तुमच्या मोजलेल्या ताकदीच्या 30 टक्क्यांवर करतात. समजा तुमचा आकडा 60 आला, तर झडप 18 वर लावायची. ताठ बसा, नाकाला चिमटा लावा, ओठ नळीभोवती घट्ट धरा, एका दमात जोराने आत ओढा आणि श्वास सैल, सावकाश सोडा. 10-10 चे तीन संच, मध्ये मिनिटभर थांबून. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आठवड्यातून 5 दिवस. चक्कर आली किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर तुम्ही फार भराभर करताय; दोन श्वासांच्या मध्ये थांबा. दर दोन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्टकडून ताकद पुन्हा मोजून झडप थोडी थोडी वाढवत 50 टक्क्यांच्या आसपास न्यायची. फरक जाणवायला 8 ते 12 आठवडे लागतात. हे उपकरण ऑनलाइन मागवून आपल्या मनाने सुरू करू नका. पूर्वी कधी फुप्फुसाबाहेर हवा साचली असेल, नुकताच कानाचा पडदा फाटला असेल, हृदय कमजोर होऊन त्रास वाढत चालला असेल, तर ते चालत नाही.

या कसरतीने लुळी बाजू जागी होणार नाही हेही सांगून ठेवतो. नस जोडलेली नसेल तर स्नायूला हुकूमच पोचत नाही. बळकट होणार ते उजवी बाजू आणि बरगड्यांचे स्नायू, आणि श्रमाच्या वेळी त्यांचाच आधार आहे.

कपालभातीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे : करू नका. त्यात पोटाला झटका देऊन श्वास बाहेर फेकायचा असतो. तुमच्या बाबतीत प्रत्येक झटक्याने सैल पडलेली डावी बाजू छातीत वर ढकलली जाईल आणि लगेच पुढचा झटका येईल. भस्त्रिकाही नको, कुंभक नको, सर्वांगासन, हलासन, शीर्षासन तर मुळीच नको. त्यांत पोटाचा सगळा भार पटलावर येतो. अनुलोम-विलोम खुर्चीत ताठ बसून, श्वास न रोखता, 5 मिनिटं केला तर हरकत नाही. ‘पोटाने श्वास घ्या’ हा सल्ला मात्र जपून घ्या. उजव्या बाजूला हात ठेवून फिजिओथेरपिस्टसमोर करून पाहा. हलकं वाटलं तर ठेवा, जड वाटलं तर सोडा. दोन्ही बाजू कमजोर असलेल्यांना तर तो श्वास घेताच येत नाही, आणि उगाच जबरदस्ती केली की घाबरायला होतं.

सूर्यनमस्कारात वाकणं, पालथं होणं, डोकं खाली नेणं हे सगळं एकामागोमाग येतं, म्हणजे तुम्हाला नको ते सगळं एकाच आवर्तनात. ते सध्या बाजूला ठेवा. खुर्चीच्या पाठीला धरून, ताठ उभं राहून करायचे ताण चालतील.

पोहण्याचा मोह हा सगळ्यात धोक्याचा. पाणी कमरेच्या वर चढलं की ते पोटावर आणि छातीवर बाहेरून दाब देतं. निरोगी माणसाचीही श्वासाची क्षमता गळ्यापर्यंतच्या पाण्यात थोडी घटते. कमजोर डायफ्रॅम असलेल्याला तिथे क्षणार्धात दम कोंडल्यासारखं होतं, आणि अशा वेळी हाक मारायलाही श्वास उरत नाही. तलावात जिथे पाय टेकतात तिथेही हे होऊ शकतं. गुडघाभर पाण्यात चालायला हरकत नाही. कोकणात गेलात तर लाटा गुडघ्यापर्यंतच, आणि नातवंडांच्या आग्रहालाही हेच उत्तर.

जिना तर रोजचाच आहे. कठडा धरा. थांबलेले असताना श्वास घ्या आणि दोन पायऱ्या चढताना तो सोडा. थांबा, घ्या, पुन्हा दोन. सुरुवातीला हे हास्यास्पद हळू वाटेल, पण धाप लागून मधल्या मजल्यावर चार मिनिटं उभं राहण्यापेक्षा लवकर वर पोचाल. मध्ये दम लागलाच तर कठड्यावर कोपरं टेकून किंचित पुढे झुका. कमरेतून मोडून खाली वाकू नका, त्याने पोट दबतं. बुटासाठी खुर्चीत बसून पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, लांब दांड्याचा शूहॉर्न वापरा, नाहीतर बिननाडीचे बूट घ्या.

जेवणानंतर दीड-दोन तास व्यायाम नको. डाव्या पटलाखाली जठर असतं, ते भरलं किंवा गॅसने फुगलं की वर ढकलतं. डावी बाजू गेलेल्यांना ढेकर, करपट, पोट फुगणं हे त्रास जास्त होतात ते यामुळेच. दोन मोठ्या जेवणांची चार लहान करा. सोडा, कोल्ड्रिंक बंद. तुमच्या उंचीला 84 किलो हा स्थूलपणाच्या उंबरठ्यावरचा आकडा आहे, आणि पोटावरची चरबी तुम्ही प्रत्येक श्वासाला उचलता. सहा महिन्यांत 5-6 किलो उतरवलेत तर जिन्यावर जो फरक पडेल तो कदाचित वरच्या सगळ्यापेक्षा जास्त असेल.

रात्रीकडे लक्ष द्या. स्वप्नांच्या झोपेत मानेचे आणि बरगड्यांचे मदतनीस स्नायू शिथिल होतात आणि श्वास जवळजवळ एकट्या डायफ्रॅमवर येतो. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, दिवसा पेंगणं, रात्री दचकून उठणं असं काही असेल तर रात्रभराची झोपेची तपासणी आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडची मोजणी करून घ्या. काहींना रात्री बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन लागतं आणि ते सुरू झाल्यावर दिवसाचा व्यायामही सुधारतो. डोक्याकडची बाजू उंच ठेवा, झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचं मद्य टाळा. हातापायांत अशक्तपणा, गिळताना ठसका, बोलणं जड होणं असं काही नवीन दिसलं तर मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना लगेच भेटा. तो प्रश्न वेगळा असतो आणि त्यात वरचा कार्यक्रम जसाच्या तसा लागू होत नाही.

दुखावलेली नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या गतीने वाढते. म्हणून महिने जातात, कधी दीड-दोन वर्षंही. 14 महिने झालेत, तेव्हा सोनोग्राफी पुन्हा करा आणि जुन्या आकड्यांशी ताडून पाहा. थोडीही हालचाल दिसली तर थांबण्यात अर्थ आहे. काहीच नसेल आणि तीन-चार महिन्यांच्या व्यायामानंतरही जिना जमत नसेल, तर छातीच्या सर्जनशी प्लिकेशनबद्दल बोला. सैल पडलेल्या पटलाला टाके घालून ते ताणून खाली बसवतात, दुर्बिणीतूनही करतात. त्याने ते हलू लागत नाही, पण श्वासागणिक वर ओढलं जाणं थांबतं आणि उजव्या बाजूचे कष्ट वाया जात नाहीत. एका बाजूच्या, त्रास देणाऱ्या लकव्यासाठीच ही शस्त्रक्रिया आहे, आणि वजन कमी असेल तर तिचा निकाल चांगला लागतो.

राहिला खांदा. तुम्ही तो जाता जाता लिहिलात, पण या पत्रातली सगळ्यात तातडीची गोष्ट तीच आहे. खांद्याच्या शस्त्रक्रियेत वेदना कमी करायला मानेच्या बाजूला सुई देऊन नसा बधिर करतात, त्याला ब्लॉक म्हणतात. त्या इंजेक्शनचं औषध शेजारच्या फ्रेनिक नसेपर्यंत पोचतं आणि त्या बाजूचा डायफ्रॅम काही तास लुळा पडतो. नेहमीच्या मात्रेत हे जवळजवळ प्रत्येकाला होतं, आणि दुसरी बाजू धड असल्याने बहुतेकांना जाणवतही नाही. तुमचा खांदा उजवा आहे आणि चालणारी बाजूही उजवीच. शस्त्रक्रियेची तारीख धरून बसू नका. त्याआधी भूलतज्ज्ञांची स्वतंत्र भेट घ्या, एक्स-रे, सोनोग्राफी आणि बसून-आडवं होऊन केलेल्या स्पायरोमेट्रीचे कागद त्यांच्यासमोर ठेवा आणि सांगा : ‘डावा डायफ्रॅम हलत नाही, उजव्या मानेत ब्लॉक देऊ नका.’ खांद्याजवळच्या नसा खालच्या पातळीवर वेगळ्या बधिर करण्याचे मार्ग त्यांच्याकडे आहेत. शस्त्रक्रियेच्या दिवशी भूल देणारे डॉक्टर बदलू शकतात, म्हणून हेच वाक्य केसपेपरच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या, आणि टेबलावर घेतल्यावर पुन्हा एकदा तोंडाने सांगा.